‘पंचवीस वर्षांची वॉरंटी’ नक्की कशाची? घरावर सोलर बसवण्याआधी वाचायचे कागद

जळगाव असो, धुळे असो की शहादा, सोलरवाल्याकडे चौकशीला गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “भाऊ, पंचवीस वरीसनी वारंटी शे!” तो खोटं बोलत नसतो. पण ही पंचवीस वर्षं कशाला लागू आहेत, ती कोण देतंय आणि बिघाड झाला तर गच्चीवर चढून पॅनल उतरवायची मजुरी कोण भरणार, हे तो आपणहून सांगत नाही. आपणही विचारत नाही. सगळं बोलणं किमतीवर आणि सबसिडीवर होतं.

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तशा ठिकाणी एखादं पॅनल बिघडलं तर ते हेरायला आणि कंपनीशी लिखापढी करायला माणसं नेमलेली असतात. घरच्या गच्चीवर हे काम आपलंच. म्हणून पैसे देण्याआधी थोडी मेहनत घ्या. क्रमाने काय करायचं ते पुढे सांगतो. उदाहरणाला ३ किलोवॅटची सिस्टिम धरली आहे, कारण केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ७८,००० रुपयांची सबसिडी ३ किलोवॅटला पूर्ण मिळते आणि त्यापुढे वाढत नाही. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांचा कल तिकडेच असतो.

पहिलं काम: कोटेशनमधली ‘वॉरंटी’ची ओळ फोडून घ्या

नवा ट्रॅक्टर घेतला तरी टायरची आणि बॅटरीची हमी ज्या त्या कंपनीची वेगळी असते. सोलरचंही तसंच आहे. एका सिस्टिममध्ये किमान पाच हम्या असतात: पॅनलच्या बनावटीची, पॅनलच्या वीजनिर्मितीची, इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र), स्ट्रक्चरची (पॅनल ज्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा) आणि बसवणाऱ्या व्हेंडरच्या कामाची. बॅटरी असेल तर सहावी. प्रत्येकीची मुदत वेगळी आणि देणारा वेगळा.

कोटेशनवर ‘२५ इयर्स वॉरंटी’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते परत द्या आणि प्रत्येक वस्तूसमोर चार गोष्टी लिहून मागा. हमी कोणाची? किती वर्षांची? मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची? बदलून देताना वाहतूक आणि मजुरी कोणाकडे? तारखेचा मुद्दा किरकोळ समजू नका. काही कंपन्या मुदत विक्रीच्या तारखेपासून मोजतात, काही माल कारखान्यातून निघाल्यापासून. व्हेंडरच्या गोदामात वर्षभर पडून राहिलेला माल तुमच्या गच्चीवर आला तर ते वर्ष तुमच्याच हिशेबातून जाऊ शकतं. पॅनलच्या मागच्या स्टिकरवर किंवा टेस्ट रिपोर्टवर बनावटीचा महिना सापडतो, तो बघा.

मॉडेल नंबरही पूर्ण हवा. ‘५४० वॅट मोनो, नामांकित कंपनी’ हा मॉडेल नंबर नव्हे. पूर्ण नंबर मिळाला की कंपनीच्या वेबसाइटवरून त्या मॉडेलचं वॉरंटीपत्र उतरवून घ्या. व्हेंडरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या रंगीत माहितीपत्रकात हमीच्या अटी नसतात. त्या वॉरंटीपत्रात असतात, बहुतेक इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. घरात कुणी शिकणारं असेल तर त्याला बसवा वाचायला.

दुसरं काम: पंचवीस वर्षांचं गणित समजून घ्या

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

बनावटीची हमी म्हणजे काच, फ्रेम, आतले सेल (वीज तयार करणाऱ्या पातळ चकत्या), मागचा जंक्शन बॉक्स (वायरी जोडायची डबी) यांत कारखान्याचा दोष निघाला तर मिळणारी हमी. ती साधारण १० ते १२ वर्षांची असते, काही कंपन्या जास्त देतात. पॅनलचे थर सुटले, पाणी शिरलं, जंक्शन बॉक्स जळाला तर ही कामाला येते. पंचवीस वर्षांची असते ती वीजनिर्मितीची हमी. दोन्ही बाजूंना काच असलेल्या पॅनलना ती ३० वर्षांचीही मिळते. ती एवढंच सांगते की पॅनलची ताकद दरवर्षी ठरलेल्या मापापेक्षा जास्त घटणार नाही.

बऱ्याच मोनो पॅनलच्या वॉरंटीपत्रात पहिल्या वर्षी २ टक्के आणि पुढे दरवर्षी ०.५५ टक्के घट मान्य असते. म्हणजे पंचविसाव्या वर्षाअखेर ८४.८ टक्के. आता ५४० वॅटचं पॅनल घ्या. सहाव्या वर्षाअखेर त्याने ९५.२५ टक्के, म्हणजे ५१४ वॅट द्यायला हवेत. पण हे ५१४ वॅट प्रयोगशाळेतले: सेलचं तापमान २५ अंश, आणि दर चौरस मीटरला १,००० वॅट इतका ठरावीक प्रकाश. भुसावळात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा गच्चीवरचं पॅनल सहज ६५ अंशांवर असतं. अशा पॅनलची ताकद २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के कमी होते. चाळीस अंशांचे झाले १४ टक्के. म्हणजे अगदी धडधाकट पॅनलसुद्धा त्या दुपारी ४४२ वॅटच्या आसपास दाखवेल. शंभर वॅट कमी पडले म्हणून तुम्ही कंपनीला फोन कराल आणि कंपनी म्हणेल, यात दोष काहीच नाही. ती बरोबर असेल.

त्यावर मोजणीतल्या चुकीसाठी अनेक वॉरंटीपत्रं ३ टक्क्यांची सूट ठेवतात. आपल्या उदाहरणात प्रयोगशाळेत मोजलेला आकडा ४९९ च्या खाली गेला तरच दावा उभा राहतो. पॅनल उतरवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा खर्च पुष्कळदा आधी ग्राहकाने करायचा असतो. दोष सिद्ध झाला तर तो परत मिळतो का, हे पत्रात शोधा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोन पॅनलमध्ये निवड करताना २५ की ३० वर्षं यात अडकू नका. बनावटीची हमी ज्याची जास्त, ते पॅनल बघा. घरगुती ग्राहकाला खऱ्या अर्थाने वापरता येते ती हीच, कारण जळालेला जंक्शन बॉक्स डोळ्यांना दिसतो. दोन टक्क्यांची जास्तीची घट कुणालाच दिसत नाही. उन्हाचा विचार करायचाच असेल तर तापमानामुळे होणारी घट किती, हा माहितीपत्रकातला आकडा बघा. टॉपकॉन प्रकारच्या पॅनलमध्ये तो दर अंशाला ०.३० च्या जवळ असतो. खानदेशात हा फरक दर उन्हाळ्यात कामी येतो.

आणखी एक कलम वाचाच: बदली पॅनल कसलं मिळणार? दहा वर्षांनी तेच मॉडेल बाजारात नसणार. जुन्या ३३५ वॅटच्या पॅनलचंच बघा, आता त्या मापाचं नवं सहजासहजी सापडत नाही. वेगळ्या करंटचं पॅनल एकाच ओळीत जोडलं की कमी करंटवालं बाकीच्यांना मागे ओढतं, आणि आकार वेगळा असला तर स्ट्रक्चरवर बसतही नाही. त्यामुळे कंपन्या पत्रात मुभा ठेवतात: दुरुस्ती करू, साधारण तसंच पॅनल देऊ किंवा घसारा वजा करून पैसे देऊ. यातला पर्याय बहुतेक ठिकाणी कंपनी निवडते, तुम्ही नाही.

तिसरं काम: इन्व्हर्टर, कारण आधी तोच बिघडतो

पॅनलमध्ये हलणारं, चालणारं काही नसतं. इन्व्हर्टर मात्र दिवसभर तापतो. त्याची हमी ५ ते १० वर्षांची असते, म्हणजे पंचवीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागेल असं धरूनच चला. हमी १० वर्षांची सांगितली तर ती सरळ १० आहे की ५ अधिक नोंदणी केल्यावर ५, हे विचारा. काही कंपन्यांत सिरीयल नंबर त्यांच्या पोर्टलवर ठरलेल्या दिवसांत नोंदवला नाही तर वाढीव मुदत मिळत नाही. ही नोंदणी व्हेंडर करतो म्हणतो आणि विसरतो. ती तुमच्यासमोर, तुमच्या मोबाइल नंबरवर करून घ्या.

दुरुस्तीला माणूस घरी येणार की यंत्र नाशिक-पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवायचं? दुरुस्त होईपर्यंत बदली इन्व्हर्टर मिळणार का? मार्च-एप्रिलमध्ये सिस्टिम तीन आठवडे बंद राहिली तर ३ किलोवॅटमागे दिवसाला बारा-तेरा युनिट जातात. या नुकसानीची भरपाई कुठलीही कंपनी देत नाही, तसं पत्रात लिहिलेलंच असतं. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या उन्हात लावू देऊ नका. उत्तरेची भिंत किंवा जिना चांगला. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली जागा सोडून लावला तर हमी नाकारायला तेवढं कारण पुरतं. इन्व्हर्टरला लावायच्या वायफायच्या छोट्या डोंगलची (मोबाइल अॅपला आकडे पाठवणारा तुकडा) हमी बहुधा वेगळी आणि कमी असते.

बॅटरी घेणार असाल तर थोडक्यात: लिथियमची हमी वर्षं किंवा चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या, जे आधी संपेल ते, अशी असते. ट्यूब्युलर बॅटरीच्या मुदतीत सुरुवातीचे काही महिने बदलून मिळते, नंतरच्या महिन्यांत फक्त किमतीत सूट. ‘३६ अधिक २४’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हा.

चौथं काम: स्ट्रक्चर आणि स्लॅब

आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं असतं, पापड-कुरडया वाळवायच्या असतात, त्यामुळे लोक स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच करून घेतात. हौस योग्य आहे, पण उंच स्ट्रक्चरला वारा जास्त लागतो. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, ते वारं गच्चीवरही येतं. किती वेगाच्या वाऱ्यासाठी स्ट्रक्चर केलंय, हे लेखी घ्या.

आता एक बारीक गोष्ट. चांगलं स्ट्रक्चर गरम जस्तात बुडवून काढलेलं असतं आणि जागेवर नट-बोल्टने जोडलं जातं. पण उंची वाढवायची म्हटलं की व्हेंडर गावातल्या वेल्डरला बोलावतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, वरून चंदेरी रंगाचा हात मारला जातो. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच सांध्यावर बोटभर तांबूस गंज दिसतो. कंपनीची गंजाची हमी जस्त चढवलेल्या मालाला असते, वेल्डरच्या सांध्याला नाही. वेल्डिंग टाळता येत नसेल तर त्या सांध्यांची जबाबदारी व्हेंडरने स्वतःच्या लेटरहेडवर घ्यावी.

स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकणार असतील तर गळतीचं काय, हेही त्याच कागदावर. आरसीसीच्या स्लॅबवर सिमेंटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे करता येतात, भोकं टळतात. मातीच्या धाब्याचं घर असेल तर वजन धाब्यावर टाकूच नका. भिंतीवर किंवा अंगणात वेगळे खांब उभारून जमतं का ते पाहा.

पाचवं काम: व्हेंडरचा करार

पीएम सूर्यघर योजनेत ग्राहक आणि व्हेंडर यांच्यात ठरावीक नमुन्याचा करार होतो. तो न वाचता सही होते, आणि तुमच्या सगळ्यात उपयोगाचा कागद तोच असतो. त्यानुसार सिस्टिम सुरू झाल्यापासून ५ वर्षं देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी व्हेंडरची आहे. शिवाय सिस्टिमची कार्यक्षमता ७५ टक्के राखायची अट आहे. सोप्या भाषेत: पॅनलवर पडलेल्या उन्हातून कागदोपत्री जेवढी वीज निघायला हवी, तिच्या पाऊण हिस्सा तरी मिळाली पाहिजे. ३ किलोवॅटला वर्षभराच्या सरासरीने हे दिवसाला १२ युनिटच्या आसपास येतं. पॅनल कंपनीच्या २५ वर्षांच्या हमीत उष्णता आणि जोडणीतले दोष बाहेर राहतात. या अटीत पूर्ण सिस्टिम मोजली जाते, म्हणून घरवाल्याच्या हातात हीच जास्त धारदार आहे.

सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलचे आणि भारतात जोडलेले पॅनल लागतात, आणि व्हेंडर योजनेत नोंदणीकृत हवा. ‘सबसिडी सोडा, स्वस्तात करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही रक्कमच नाही, हा करारही सोडताय.

व्हेंडर टिकणारा आहे का, हे कागदावर कळत नाही. त्याने तीन-चार वर्षांपूर्वी बसवलेल्या दोन-तीन घरांचे पत्ते मागा आणि जाऊन या. बिघाड झाला तेव्हा तो किती दिवसांत आला, एवढं एकच विचारा. काल-परवा बसवलेल्या गच्च्या बघून काही कळत नाही, नवीन सगळंच चकाकतं.

सहावं काम: पॅनल वर जाण्याआधी

टेम्पो दारात आला की घाई करू देऊ नका. प्रत्येक पॅनलच्या मागच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा, एकदा स्ट्रक्चरवर चढलं की मागे हात जात नाही. तेच नंबर पक्क्या बिलावर किंवा सोबतच्या यादीत हवेत. कंपनीने प्रत्येक पॅनलची कारखान्यात घेतलेली चाचणी, म्हणजे फ्लॅश टेस्ट रिपोर्ट, तोही मागा. पुढे ताकद घटल्याचा वाद झाला तर सुरुवात कुठून झाली याचा पुरावा तो असतो.

चढवताना लक्ष ठेवा. पॅनलच्या काचेवर पाय देऊन पलीकडे जाणारा पोरगा पाहिला की तिथेच थांबवा. आतल्या सेलना केसासारख्या चिरा पडतात, त्या आज दिसत नाहीत. दोन-तीन वर्षांनी तिथे तापून डाग पडतो आणि कंपनी म्हणते, हाताळणीतला दोष आहे, आमचा नव्हे.

शेवटचा दहा टक्के हप्ता सगळे कागद हातात येईपर्यंत राखून ठेवा: जीएसटीचं पक्कं बिल, वॉरंटी कार्डं, करार, अर्थिंगच्या तपासणीचा आकडा, महावितरणचा नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) बसवल्याचा अहवाल. बँकेचं कर्ज असेल तर पैसे परस्पर व्हेंडरला जातात, तिथे संमतीची सही हाच तुमचा राखून ठेवलेला हप्ता समजा.

हमीत काय येत नाही

वीज पडणं, गारपीट, वादळ, पूर, आग, चोरी, माकडांनी वायर तोडणं: यातलं काहीही हमीत नसतं. पॅनलची काच २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याचा मारा सोसते अशी चाचणी होते, पण आपल्याकडची अवकाळी गारपीट लिंबाएवढ्या गारांचीही असते. ज्यांनी शेतात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ घेतला आहे, त्यांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासह मिळते, म्हणून घरच्या सोलरलाही विमा असेल असं ते गृहीत धरतात. तसं नसतं. घराचा विमा वेगळा काढावा लागतो. ‘भारत गृह रक्षा’ या ठरावीक पॉलिसीत घराच्या इमारतीबरोबर सोलर पॅनलही धरता येतात. विम्याची रक्कम ठरवताना सोलरची किंमत त्यात मिळवा, आणि आधीची पॉलिसी असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा.

वीज पडून इन्व्हर्टर गेला तर अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारं साधन) नीट होतं का, हा पहिला प्रश्न येतो. पॅनल, इन्व्हर्टरची बाजू आणि वीजरोधक यांचं अर्थिंग वेगवेगळं असतं. उन्हाळ्यात आपली जमीन कोरडी ठक्क होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत चला.

आणि आपल्या हाताने हमी घालवायचे प्रकार: ओळखीच्या वायरमनकडून इन्व्हर्टर उघडणं, व्हेंडरला न सांगता दोन पॅनल जोडणं, घासणीने किंवा कपड्याच्या साबणाने धुणं. बोअरचं जड पाणी वाळलं की काचेवर पांढरा थर बसतो, तो नंतर निघत नाही. सकाळी लवकर, पॅनल थंड असताना, साध्या गोड्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुवा.

युनिट कमी पडतायत? तक्रारीआधी एवढं तपासा

नेट मीटरवरचा बाहेर दिलेल्या युनिटचा आकडा म्हणजे तुमची निर्मिती नव्हे. घरात वापरून उरलं ते तिथे दिसतं. निर्मिती बघायची इन्व्हर्टरवर किंवा अॅपमध्ये. तुलना मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. जुलै-ऑगस्टची मे महिन्याशी तुलना करून भांडण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याने नवी टाकी ठेवली का, धूळ किती बसली, हे बघा.

लाईट गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, सोलरही बंद पडतं, हा बिघाड नाही. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. दुपारी व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर वारंवार बंद पडत असेल तर त्याच्या नोंदींत जास्त व्होल्टेजचा कोड सापडतो. ही तक्रार महावितरणकडे करायची, पॅनल कंपनीकडे नाही. सगळं ठीक असून आकडा खाली असेल, किंवा एखाद्या पॅनलवर तपकिरी डाग, फुगे, जळाल्याचा वास असेल, तर मग दावा.

दावा कसा करायचा

फोनवर ‘बघतो भाऊ’ ऐकून गप्प बसू नका. ईमेल करा, व्हेंडरला आणि पॅनल किंवा इन्व्हर्टर कंपनीला एकत्र. त्यात सिरीयल नंबर, बिल, फोटो, बिघाड लक्षात आल्याची तारीख आणि दोन्ही वर्षांच्या निर्मितीचे आकडे. बिघडलेलं पॅनल स्वतः उतरवू नका, ते पाहायला कंपनीचा माणूस येईपर्यंत जागेवरच ठेवा. व्हेंडरने दुकान बंद केलं असलं तरी पॅनल आणि इन्व्हर्टरची हमी उत्पादक कंपनीची आहे, ती संपत नाही. फक्त मजुरी तुमच्यावर येते.

उत्तर आलं नाही तर सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा, हेल्पलाइन १५५५५ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी गुजरातची असो की चेन्नईची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती गेली पाहिजे. व्हेंडर ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणत दीड-दोन वर्षं काढू शकतो, म्हणून पहिल्या ईमेलची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.